अठरा महिन्यांची निरगाठ

मित्रांनो, मी एक जुनी फीत आहे. रंग लाल. आता मी विटून फिकट गुलाबी झाले आहे, हे मलाही दिसते. पण भांडाराच्या वहीत माझी नोंद ‘लाल’ अशीच आहे, आणि वहीत असेल तेच खरे धरायचे असे मला लहानपणापासून शिकवले गेले.

माझे नाव तुम्ही नक्की ऐकले असेल, आणि चांगल्या अर्थाने मुळीच ऐकले नसेल. कुठे काही अडले, की लोक माझ्या नावाने बोटे मोडतात. ‘लाल फितीचा कारभार’ म्हणतात. वर्तमानपत्रांत माझी व्यंगचित्रे येतात आणि त्यांत मी अजगराएवढी जाड असते. प्रत्यक्षात मी एक बोट रुंद आणि दोन हात लांब आहे. मी आजवर स्वतःहून कोणालाही अडवलेले नाही. कोणीतरी मला बांधते, म्हणून मी बांधलेली असते. एवढे एकदा सांगून टाकायचे होते. आता पुढचे सांगते.

माझा जन्म पट्ट्या विणण्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. एकाच मागावर पायजम्यांच्या नाड्या, पडद्यांच्या दोऱ्या आणि आम्ही, अशा सगळ्या जणी विणल्या जात असू. माझ्याच रिळावरची एक सख्खी बहीण भेटवस्तूंच्या दुकानात गेली. तिचे फूल करून खोक्यावर बसवतात आणि लोक तिला पाहून खूश होतात. मी सरकारात गेले. मला पाहून कोणी खूश झाल्याचे स्मरणात नाही, पण आमच्या कामाला मान असतो, अशी मी मनाची समजूत घातली.

सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरखान्यात मला पहिल्यांदा हातात घेतले ते दप्तरीकाकांनी. फायली लावणे, बांधणे, शोधणे आणि एखादी सापडत नसेल तर ती हरवलेली नाही असे ठामपणे सांगणे, ही त्यांची कामे. त्यांनी माझी दोन्ही टोके डिंकात बुडवून खिडकीत वाळत घातली, म्हणजे धागे सुटू नयेत. मग मला एका नव्या कोऱ्या फाईलभोवती गुंडाळून त्यांनी सुरगाठ मारली.

“एक टोक ओढलं की अलगद सुटायचं,” ते मला म्हणाले. “साहेबांच्या बोटांना कष्ट पडता कामा नयेत. आणि निरगाठ तुझ्या नशिबी कधी न येवो.”

ते माणसांपेक्षा आमच्याशीच जास्त बोलत. निरगाठीला एवढे काय घाबरायचे, हे मला तेव्हा कळले नाही. ते कळण्यासाठी या न्यायालयात नव्या न्यायाधीशांची निवड कशी होते ते तुम्हांला ठाऊक हवे. त्यात माझा मोठा हात आहे. म्हणजे टोक आहे.

आमच्या सर्वोच्च न्यायालयात अकरा न्यायाधीश. त्यांतले एखादे निवृत्त झाले, की सर्वांत ज्येष्ठ असे पाच जण एका गोल टेबलाभोवती बसतात आणि खालच्या न्यायालयांतल्या न्यायाधीशांमधून एक नाव निवडतात. ती फाईल कायदा मंत्रालयात जाते. मंत्रालय त्या व्यक्तीची गुप्त चौकशी करवते, मंत्री आपला शेरा लिहितात, शेवटी राष्ट्रप्रमुख सही करतात, आणि मग शपथ. इथवर सगळे सरळ आहे.

पण ते पाच जण मत कसे देतात, ते ऐका. कोणी हात वर करत नाही की चिठ्ठी टाकत नाही. फार पूर्वी एक सरन्यायाधीश होऊन गेले, त्यांना वादावादीचा भारी कंटाळा. दिवसभर न्यायालयात तेच ऐकायचे आणि संध्याकाळी आपापसांतही तेच करायचे, हे त्यांना पटेना. त्यांनी पद्धत घालून दिली, की फाईल टेबलावर गोल फिरवायची. ज्याला नाव मान्य असेल त्याने ती वाचून, फितीची सुरगाठ मारून पुढे सरकवायची. ज्याची हरकत असेल त्याने फीत सुटीच ठेवायची. एका शब्दाचीही गरज नाही.

राहिली निरगाठ. ती फक्त दोघांनी मारायची, एक सरन्यायाधीश आणि दुसरे कायदामंत्री. तिचा अर्थ असा, की हे नाव कायमचे मागे घेतले आहे, कारण विचारू नये आणि फाईल उघडू नये. हे सगळे कुठेही लिहिलेले नव्हते. त्यामुळे सगळे जण ते अगदी काटेकोरपणे पाळत.

माझ्या फाईलमध्ये ज्यांचे नाव होते, त्या एका दूरच्या शहरातल्या न्यायाधीश बाई होत्या. दूरच्या म्हणजे रेल्वेने तीन तासांवरच्या. वकील मंडळी त्यांना ‘तीनपानी बाई’ म्हणत. खटला वारशाचा असो, जमिनीचा असो की दोन भावांमधल्या भिंतीचा, बाईंचा निकाल तीन पानांत संपत असे. आणि तो अशा भाषेत असे, की हरलेला माणूससुद्धा तो बाकावर बसून स्वतः वाचून काढी. वकिलांना हे फारसे आवडत नसे. निकाल पक्षकाराला परस्पर कळू लागला, तर त्याला तो समजावून सांगायचा कोणी?

त्या दिवशी टेबलावर मी फिरू लागले. पहिल्या तिघांनी मला सोडले, फाईल वाचली आणि मला पुन्हा बांधले. चौथे न्यायाधीश चारशे पानांचे निकाल लिहिण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनी मला सुटीच ठेवली. पद्धत मोडून ते बोललेही. बाईंचा निकाल वाचायला घेतला तर तो चहा यायच्या आत संपला, असा त्यांचा आक्षेप होता. सरन्यायाधीश शांतपणे म्हणाले, मग दुसरा घ्या वाचायला. त्यांनी दुसरा घेतला, मग तिसरा घेतला. चहा आला आणि गार झाला. पाचव्या निकालानंतर त्यांनी चष्मा काढला आणि न बोलता मला सुरगाठ मारली. गाठ जरा वाकडी होती, पण होती. शेवटी सरन्यायाधीशांनी मला बांधले आणि बोट फिरवून म्हणाले, फीत चांगली आहे हो. माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक. ते ऐकायला दप्तरीकाका नव्हते, ते आदल्या महिन्यातच निवृत्त झाले होते.

आता एक अट लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ तिच्याभोवती आहे. वयाची बासष्ट वर्षे पूर्ण व्हायच्या आत शपथ झाली, तरच सर्वोच्च न्यायालयात जाता येत असे. एक दिवस जास्त झाला की संपले. बाईंना साठ पूर्ण होऊन चार महिने झाले होते. म्हणजे हातात वीस महिने. एवढ्यात घर बांधून होते.

फाईल मंत्रालयात गेली आणि तिथून चौकशी अधिकाऱ्याच्या काखेत बसून रेल्वेने बाईंच्या घरी. हा अधिकारी मंत्रालयाच्या मागच्या इमारतीतला. गडी प्रामाणिक. प्रश्न असेल तो विचारायचा, उत्तर येईल ते लिहायचे, विचार करण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी आहे, अशी त्याची श्रद्धा होती. घरच्यांशी बोलताना उमेदवाराचे नाव घ्यायचे नाही आणि चौकशी कशासाठी ते सांगायचे नाही, असा नियम होता. तोही तो पाळणारच.

दुपारची वेळ होती. बाई न्यायालयात, त्यांचे यजमान त्यांच्या दातांच्या दवाखान्यात, मुलगी कॉलेजात. घरी एकट्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. चष्मा होता, पण तो त्या फक्त दुसऱ्याची चूक पाहायची असली तरच लावत.

“तुमच्या घरातल्या एका व्यक्तीबद्दल थोडी माहिती हवी होती,” अधिकारी म्हणाला. “कशासाठी ते मला सांगता येणार नाही. पण विचारणा फार वरून आहे.”

सासूबाईंनी त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले.

“कळलं,” त्या म्हणाल्या. “बसा.”

त्यांना काय कळले, ते मला लगेच कळले. घरात तेवीस वर्षांची नात होती आणि सासूबाई गेले वर्षभर तिच्यासाठी स्थळ शोधत होत्या. त्यांनी आत जाऊन केस नीट केले, पाहुण्यांसाठी राखलेले कप काढले, चहा ठेवला आणि समोर येऊन बसल्या. अधिकाऱ्याने चौदा प्रश्नांचा छापील कागद काढला.

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. स्वभाव कसा, असे त्याने विचारले. मनाने निर्मळ, पण स्वतःची खोली आवरत नाही, असे उत्तर आले आणि ते लिहिले गेले. व्यसन? मोबाईल. कशाची भीती? पालीची. वेळेची शिस्त? सुटीच्या दिवशी अकराला उठते, पण उठल्यावर भराभर आवरते. कधी शिक्षा झाली आहे का? नववीत असताना एकदा वर्गाबाहेर उभे केले होते. अधिकाऱ्याने लिहिले, ‘पूर्वी एकदा शिक्षा, स्वरूप किरकोळ.’ निर्णयक्षमता कशी आहे, असेही एक कलम होते. सासूबाई जरा थांबल्या. मग खरे ते सांगितलेले बरे म्हणून म्हणाल्या, की चप्पल घ्यायची तर चार दुकाने हिंडते आणि परत पहिल्याच दुकानात येते. त्याने तेही घेतले. नात, सून, मुलगी असा शब्द दोघांच्याही तोंडून एकदाही आला नाही. सासूबाई ‘ती’ म्हणत होत्या आणि तो ‘संबंधित व्यक्ती’ असे लिहीत होता.

मला सगळे समजत होते. पण फितीला बोलता येत नाही, तिथे माझा इलाज नव्हता.

शेवटी सासूबाईंनीही रीतीप्रमाणे त्याची चौकशी केली. कुठे असता? मंत्रालयाच्या मागच्या इमारतीत, तिसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला. मग अधिकारी कागद फाईलमध्ये ठेवून मला बांधू लागला. त्याला गाठच मारता येईना. त्याच्या बुटांनासुद्धा बक्कल होते, नाडी नव्हती. तीनदा त्याने मला बांधले आणि तिन्ही वेळा मी घसरून त्याच्या मांडीवर पडले.

“द्या इकडे,” सासूबाई म्हणाल्या. “असं बांधलंत तर गाडीत सगळे कागद उडतील.”

त्या बरणीच्या तोंडाला फडके बांधत, तशी त्यांनी मला बांधली. एक निरगाठ. तिच्यावर दुसरी. मग माझे एक टोक दातात धरून दुसरे हाताने करकचून ओढले.

“आता दोन वर्षं सुटत नाही,” त्या समाधानाने म्हणाल्या.

अधिकाऱ्याने आभार मानले. गाठींची भाषा न्यायालयाची आणि कायदा मंत्रालयाची. मागच्या इमारतीत ती कोणाला येत नव्हती. त्याने दुसऱ्या दिवशी फाईल पुढच्या इमारतीत पोचती केली, पावती घेतली आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

पुढच्या इमारतीतले कक्ष अधिकारी मला पाहून खुर्चीतून उठून उभे राहिले. अशी गाठ मारण्याचा अधिकार दोघांनाच. फाईल तर मंत्रालयातच फिरत होती, तेव्हा हे मंत्रीसाहेबांचे काम असणार, असे त्यांनी ठरवले. कारण विचारायचे नसते. ते सचिवांकडे गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, की ती फाईल बांधून आली आहे. सचिव तेवढ्याच हलक्या आवाजात मंत्र्यांना म्हणाले. मंत्र्यांनी गाठ मारलेली नव्हती, तेव्हा ती सरन्यायाधीशांनी मारली, हे त्यांना उघडच दिसले. आपल्याला न सांगता नाव मागे घेतले याचा त्यांना राग आला, आणि राग आला म्हणून त्यांनी विचारले नाही. तिकडे सरन्यायाधीश वाट पाहत होते. महिने गेले, काही येईना. सरकारने निरगाठ मारली, असे त्यांनी धरले. विचारायला जाणे त्यांना कमीपणाचे वाटले.

अशी मी कपाटात गेले. वरून दुसरा कप्पा, डावा कोपरा. माझ्यावर धूळ बसली. एका कोळ्याने माझ्या टोकापासून कपाटाच्या कडेपर्यंत जाळे विणले. कोणीतरी माझ्यावर चहाचा कप ठेवला, त्याचे गोल वर्तुळ अजून आहे. बाहेर मात्र माझ्यावरून रण माजले होते. एका वर्तमानपत्राने लिहिले, की बाईंच्या एका निकालाने सरकार दुखावले आहे. दुसऱ्याने लिहिले, की पाच न्यायाधीशांत फूट पडली आहे. एका प्राध्यापकांनी राज्याच्या दोन स्तंभांमधला सूक्ष्म ताण या विषयावर दीड तास भाषण दिले. तो ताण खरोखर होता, पण तो माझ्या गाठीत होता.

एकदा नव्याने रुजू झालेल्या कारकून बाईंनी विचारले, की कात्रीने फीत कापून आत काय आहे ते पाहिले तर? कक्ष अधिकाऱ्यांनी त्यांना नियम दाखवला. गोपनीय फाईलची फीत कापायची तर तसा अर्ज करावा लागतो. आणि तो अर्ज त्याच फाईलमध्ये लावावा लागतो.

या सगळ्यात त्या तीनपानी बाईंचे काय झाले, ते मला नंतर कळले. निवडीची बातमी फुटली तेव्हा त्यांच्या न्यायालयाने उत्साहाच्या भरात त्यांना निरोप देऊन टाकला होता. भाषणे झाली, डोळे पुसून झाले, भिंतीवरचे घड्याळ भेट मिळाले. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा कामावर हजर. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभराने लोकांना त्यांच्याशी काय बोलावे ते कळेना. सहा महिन्यांनी जिन्यात कोणी समोर आले तर ते दुसऱ्या मजल्याकडे वळू लागले. बाई कोणाला काही बोलल्या नाहीत; घरी सासूबाईंना तर निवडीचेही सांगितले नव्हते, आणि वर्तमानपत्रासाठी सासूबाई चष्मा लावत नसत. ते घड्याळ त्यांनी खोक्यातून बाहेर काढले नाही आणि निकाल तीन पानांतच लिहीत राहिल्या. मला फार वाईट वाटते, मित्रांनो. मी गुन्हा केला नव्हता, पण गाठ माझ्याच अंगावर होती.

अठरा महिने असे गेले. बाईंच्या वाढदिवसाला अकरा दिवस उरले.

त्या सकाळी अकरा वाजता मंत्रालयाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. पहाटेच्या गाडीने एकट्याच आल्या होत्या. घरी कोणाला सांगितले नव्हते. चौकशी अधिकाऱ्याने त्यांना ओळखले आणि खुर्ची दिली.

“तुम्ही येऊन गेलात त्याला दीड वर्ष झालं,” त्या म्हणाल्या. “मोठ्या घरात वेळ लागतो हे मला कळतं. पण होय की नाही, ते कळवायची रीत असते. तुमच्यासाठी मी दोन चांगली स्थळं थांबवून धरली आहेत.”

“कसली स्थळं?” त्याने विचारले.

“नातीसाठी.”

“नात कोण?”

आयुष्यात पहिल्यांदाच तो अधिकारी विचार करत होता, आणि त्याचा त्याला त्रास होत होता. शेवटी तो उठला आणि सासूबाईंना घेऊन पुढच्या इमारतीत कक्ष अधिकाऱ्यांकडे आला. आपण त्या कागदावर काय लिहिले, ते त्याला पाहायचे होते.

कक्ष अधिकाऱ्यांनी अदबीने सांगितले, की आजी, तो विषय बंद झाला आहे, वरून गाठ पडली आहे, आता त्यात कोणाला काही करता येत नाही. पुरावा म्हणून त्यांनी मला कपाटातून काढून टेबलावर ठेवले. सासूबाईंनी चष्मा लावला.

“वरून म्हणजे कुठून?” त्या म्हणाल्या. “ही गाठ माझी आहे.”

कक्ष अधिकारी म्हणाले, की अशी गाठ मारण्याचा अधिकार देशात फक्त दोघांना आहे.

“असेल. मारली मी आहे.” आणि त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला. कोणी काही म्हणायच्या आत तो माझ्यात घातला आणि लागल्या सोडवायला. कापायला परवानगी लागते, पण आकड्याने सोडवण्याबद्दल नियमांत काहीच नव्हते, म्हणून कक्ष अधिकाऱ्यांना थांबवता येईना. वरची गाठ दोन मिनिटांत सुटली. खालची हट्टाला पेटली होती. पण बांधणारीचाच हात होता, तिच्यापुढे किती टिकणार? मी सुटले. अठरा महिन्यांनी माझी पाठ सरळ झाली.

आवाज ऐकून सचिव आले. त्यांनी चौकशीचा कागद उचलून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पालीपर्यंत ते उभे होते. चपलेच्या दुकानांपर्यंत येताना ते खाली बसले.

आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हते. चौकशी स्थळाची नव्हती, सर्वोच्च न्यायालयाची होती, आणि ती नातीची नव्हती, सुनेची होती, हे सचिवांनी सासूबाईंना समजावले. अकरा दिवसांचेही सांगितले. दीड वर्ष सूनबाई जेवताना बोलत नव्हती, ती का, हे त्यांना तिथे त्या खुर्चीवर कळले.

“माझ्यामुळे अडलं तिचं?” त्यांनी विचारले.

चौकशी अधिकाऱ्याने नवा कागद काढला. सचिवांनी मान हलवली. पहिले तेरा प्रश्न पटापट झाले. उठण्याची वेळ पाच, व्यसन काही नाही, पालीला कागदावर घेऊन बाहेर सोडते. चौदावे कलम न्यायबुद्धीचे होते.

सासूबाईंनी चष्मा काढून हातात धरला.

“लग्न होऊन आली त्याला चौतीस वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “घर म्हटलं की भांडणं होतात. कधी ती माझ्या बाजूनं बोलली, कधी माझ्याविरुद्ध. नवरा आहे म्हणून त्याची बाजू घेतली नाही, पोटची आहे म्हणून पोरीची घेतली नाही. आधी सगळ्यांचं ऐकून घेते. माझं तर दोन दोनदा ऐकते. मग काय ते सांगते, आणि का ते सांगते. मला बऱ्याचदा पटत नाही. पण कळतं.”

अधिकाऱ्याचे पेन थांबले होते. “हे लिहू?” त्याने विचारले.

“लिहा. पण हे गुप्त असतं ना? मी तिला हे कधी म्हटलेलं नाही.”

त्याने शब्दन्‌शब्द लिहिले. मग मला बांधायला त्याने सासूबाईंकडे पाहिले, पण कक्ष अधिकाऱ्यांनी घाईघाईने पुढे होऊन स्वतःच सुरगाठ मारली.

त्याच दुपारी मंत्र्यांनी सरन्यायाधीशांना फोन लावला. मी मंत्र्यांच्या टेबलावर होते आणि पलीकडचा आवाज खणखणीत होता.

“निरगाठ तुम्ही मारली नव्हती?” मंत्र्यांनी विचारले.

“मी समजत होतो तुम्ही मारलीत.”

“मग एकदा विचारायचं ना.”

“तुम्ही विचारलंत?”

मग सरन्यायाधीशांनी विचारले, की शेवटी मारली तरी कोणी? मंत्री म्हणाले, उमेदवारांच्या सासूबाईंनी. पलीकडून काही ऐकू आले नाही. ते हसत होते की काय, ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर मी जी पळाले, तशी फीत आजवर कधी पळाली नसेल. हे प्रकरण बाहेर फुटले तर काय होईल, या धास्तीने एकाही टेबलावर मी पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकले नाही. एका दिवसात मला नऊ वेळा सोडले आणि नऊ वेळा बांधले. मंत्र्यांचा शेरा झाला. आणि मग कळले, की राष्ट्रप्रमुख परदेश दौऱ्यावर आहेत. आठ दिवस. मी त्यांच्या टेबलावर पडून राहिले. भिंतीवर तारखांचा कागद होता, त्याच्याकडे पाहण्याखेरीज मला दुसरे काम नव्हते. ते परतले तेव्हा वाढदिवस उद्यावर आला होता. सकाळी साडेदहाला सही झाली. दुपारी चार वाजता सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या दालनात, मी बांधलेल्या फाईलमधून नेमणुकीचा कागद काढून वाचला गेला आणि तीनपानी बाईंनी शपथ घेतली. शपथेनंतरचे भाषण त्यांनी दोन मिनिटांत आटोपले. चारशेपानी न्यायाधीशांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

नंतर शेजारच्या खोलीत बाई नोंदवहीत सही करायला बसल्या. मी टेबलावरच होते. यजमान आणि मुलगी बाहेर फोटो काढून घेत होते. सासूबाई आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतले.

“ती गाठ मी मारली होती,” त्या म्हणाल्या.

मग सगळे सांगितले. बाईंनी पेन खाली ठेवून पूर्ण ऐकून घेतले. सासूबाईंनी ते पुन्हा पहिल्यापासून सांगितले. बाईंनी तेही ऐकून घेतले.

“हेतू चांगला होता,” बाई म्हणाल्या. “पण चूक तुमचीच आहे, आई. स्थळाचं आलं म्हणून तुम्ही नातीला विचारलं नाहीत, आणि मलाही सांगितलं नाहीत. नाहीतर त्याच दिवशी कळलं असतं. तेव्हा ती दोन स्थळं उद्याच्या उद्या मोकळी करायची. आणि तिला विचारल्याशिवाय तिसरं पाहायचं नाही.”

“मला हे मान्य नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मी वर जाईन.”

“आता वर कोणी नाही, आई.”

सासूबाईंनी क्षणभर सुनेकडे पाहिले. मग पुढे होऊन तिच्या खांद्यावरचा काळा झगा नीट केला, आणि हात तिथेच ठेवला.

मित्रांनो, आता फायली संगणकावर गेल्या आहेत. मी दप्तरखान्यातल्या एका खणात कोऱ्या अर्जांच्या गठ्ठ्याभोवती असते. माझे वय झाले आहे आणि मला मोठी विनंती करायची नाही. कुठे काही बंद पडलेले दिसले, तर वरून असेल म्हणून गप्प बसू नका. कोणी बांधले, तेवढे जाऊन विचारा. कदाचित तेही तुमच्या विचारण्याचीच वाट पाहत बसलेले असतील. आणि माझ्यासारखी एखादी फीत हाती आली, तर घाईने कात्री लावू नका. खिडकीपाशी उजेडात बसा आणि नखाने हळूहळू सोडवा. थोडा वेळ लागतो, पण फीत पुन्हा कामाला येते.